घर हयातीत मुलांच्या नावावर करण्याबद्दल

"हयातीतच घर मुलांना बक्षीस द्या, मागे इस्टेट टॅक्सची (मृत्यूनंतर मालमत्तेवर लागणाऱ्या कराची) कटकट नको" हा सल्ला अमेरिकेतल्या बहुतेक कुटुंबांना उलटा पडेल. 2026 साली या करातून फेडरल (केंद्र सरकारची) सूट माणशी दीड कोटी डॉलर आहे. तेवढी मालमत्ता किती जणांची असते? (काही राज्यांचा वेगळा कर आहे, तो मात्र तपासा.)

खरा फटका कॅपिटल गेनचा, म्हणजे घर विकून झालेल्या नफ्यावरच्या कराचा. माझ्या मावशीने 2 लाख डॉलरला घेतलेलं घर मुलाच्या नावावर केलं आणि ती दुसरीकडे राहायला गेली. ती वारल्यावर त्याने ते 9 लाखांना विकलं. बक्षीस मिळालेल्या घराला देणाऱ्याचीच मूळ किंमत चिकटते, म्हणून मावशीच्या जुन्या फायलीतून खरेदीचे पिवळे पडलेले कागद काढावे लागले आणि जवळजवळ 7 लाखांचा नफा करपात्र ठरला. तेच घर वारशाने आलं असतं, तर मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव हीच त्याची खरेदी किंमत धरली असती. नफा जवळपास शून्य! फार वाईट वाटलं मला. शिवाय वर्षाला एका व्यक्तीला 19,000 डॉलरच्या वर बक्षीस दिलं, तर कर लागत नसला तरी फॉर्म 709 (बक्षीस कराचं विवरणपत्र) भरावाच लागतो.