मदत हवी आहे: फ्रेंच 'कोझ्योझ'ला मराठीत काय म्हणावं?

एका फ्रेंच कथेच्या अनुवादात अडकलेय. दिवाणखान्यात दोघी 'कोझ्योझ'वर गुडघ्याला गुडघा लावून कुजबुजत बसल्यात. कोशात दोन अर्थ मिळाले: दोघांपुरता छोटा सोफा आणि चक्क गप्पिष्ट बाई! मूळ क्रियापद 'कोझे', म्हणजे गप्पा मारणं. तेही लॅटिन 'काउसारी'वरून, म्हणजे बाजू मांडणं, वाद घालणं. इथवर ठीक. 'कोच' लिहून पाहिलं, तर गप्पांची छटाच गेली. 'बाक' शाळेतला वाटतो, 'दिवाणा'वर माणूस लोळतो. तळटीप देता येणार नाही, शब्द वाक्यातच बसायला हवा. बाईवरून सोफ्याला नाव पडलं, की दोन्ही अर्थ क्रियापदातून स्वतंत्रपणे आले? आणि दोघांच्या गप्पांची बैठक सुचवणारा एखादा मराठी शब्द आहे का?