'सेस्क्विपिडेलियन' म्हणजे नक्की काय?

शब्दवेडा: मंडळी, एका इंग्रजी पुस्तक परीक्षणात लेखकाच्या भाषेला सेस्क्विपिडेलियन म्हटलंय. डिक्शनरीत दोन अर्थ सापडले, एक लांबलचक (शब्द) आणि दुसरा असले शब्द वापरायची खोड असलेला (माणूस). अर्थ कळला पण हे प्रकरण आलं कुठून? सायकलच्या पेडलशी काही नातं आहे का? आणि हे कौतुक समजायचं की टोमणा?

जुनी वही: टोमणा, पण मिश्कील. पेडलशी नातं आहेच. लॅटिनमध्ये 'सेस्क्वि' म्हणजे दीड आणि 'पेस' म्हणजे पाऊल, तेच फूट हे मापही, म्हणजे सरळसरळ दीडफुटी! शब्दांना हे विशेषण चिकटलं ते रोमन कवी होरेसमुळे. आर्स पोएटिका या काव्यकलेवरच्या कवितेत तो म्हणतो की टेलिफस आणि पेलियस ही शोकनाट्यातली पात्रं कंगाल होऊन परागंदा झालीत, तर आता दुःख सांगताना त्यांनी फुगवलेली भाषा आणि दीडफुटी शब्द टाकून द्यावेत, तरच बघणाऱ्याच्या काळजाला हात लागेल. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातली गोष्ट ही, इंग्रजीत शब्द आला सतराव्या शतकात. गंमत म्हणजे त्याच वाक्यात 'पेडेस्ट्री' हा शब्दपण आहे, पायी चालणारी म्हणजे साधी बोली. इंग्रजीतला पेडेस्ट्रियन त्याच घरातला, फक्त लिखाणाला पेडेस्ट्रियन म्हटलं की ती शिवी होते. म्हणजे लेखकाने लांब शब्द वापरले तरी बोलणी, साधे वापरले तरी बोलणी 😄

वीटभट्टी: यात एक भर. रोमन लोकांकडे हा शब्द बांधकामातपण होता. त्यांच्या चपट्या चौकोनी भाजलेल्या विटांना मापावरून नावं असायची, दोन फुटी ती बिपेडालिस आणि दीड फुटी ती सेस्क्विपेडालिस. रोमन फूट साधारण २९.६ सेंमी, म्हणजे वीट जवळजवळ ४४ सेंमीची, चांगलीच धोंड. मला तर होरेसचं वाक्य वाचताना नट तोंडातून विटा काढून खाली टाकतोय असंच दिसतं.

शब्दवेडा: वा, विटांचं माहीतच नव्हतं! हे सेस्क्वि अजून कुठे येतं का?

परीक्षानळी: केमिस्ट्रीत येतं की. दोन अणू धातूचे आणि तीन ऑक्सिजनचे, म्हणजे एकास दीड, म्हणून ॲल्युमिनाला (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडला) सेस्क्विऑक्साइड म्हणतात. सेस्क्विटर्पीनपण तसंच, टर्पीन म्हणजे वनस्पतींच्या सुगंधी तेलांतली संयुगं, मोनोटर्पीनमध्ये कार्बन १० तर यात १५. आणि दीडशेव्या वर्षाला सेस्क्विसेंटेनियल.

जुनी वही: बरोबर. सेस्क्वि फोडला तर 'आणि अर्धा' एवढंच निघतं, मुख्य एक गृहीत धरलेला. आपल्या दीडची तऱ्हा वेगळी, तो संस्कृत 'द्व्यर्ध' वरून आला, म्हणजे ज्यातला दुसरा अर्धाच आहे तो. जर्मन लोकपण दीडला अगदी असंच म्हणतात, 'आंडरटहाल्ब', दुसरा अर्धा.

वीटभट्टी: मग मराठीत दीडशहाणी भाषा म्हणून टाकू, हाकानाका 😀

जुनी वही: नको हो, दीडशहाण्याला अक्कल दाखवायची असते, सेस्क्विपिडेलियन माणसाला कधीकधी नुसता लांब शब्दांचा नादच असतो, मनाने गरीब असू शकतो बिचारा. त्यापेक्षा दीडफुटी बरं. आणि शब्दवेडा, मोठ्याने म्हणताना जोर 'डे' वर द्या, नाहीतर जीभ 'क्वि' लाच अडकते.