वाटलेले बल्ब म्हणजे वाचलेली वीज नव्हे

केंद्र सरकारच्या 'उजाला' या स्वस्त एलईडी बल्बच्या योजनेत ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले, म्हणजे तेवढ्या पटीत वीज वाचली, हे मांडलं जाणारं गणित मला पटत नाही. त्यात प्रत्येक बल्बने जुना पिवळा बल्बच हटवला असं धरलंय. ६० वॉटच्या जागी ९ वॉट आला तर ५१ वॉटची बचत. पण आमच्याकडे १५ वॉटचा सीएफएल होता, म्हणजे बचत फक्त ६ वॉट. शिवाय एक बल्ब अजून खोक्यातच आहे, आणि तोही हिशेबात धरलेला असणारच!

खरी मोजणी बिलांवरून व्हायला हवी, तीही योजना न मिळालेल्या तशाच घरांशी ताडून. नाहीतर पाऊस लांबला, दर वाढले, पोरं शिकायला बाहेर गेली, हे सगळं योजनेच्याच खात्यावर जमा होतं.

अमेरिकेत मिशिगनमध्ये गरीब घरांच्या भिंती-छपरांना उष्णतारोधक थर देण्याच्या योजनेची अशी तपासणी झाली. अभियंत्यांच्या अंदाजाच्या जेमतेम ३९ टक्के बचत प्रत्यक्षात दिसली. मेक्सिकोत २००९ पासून जुने फ्रिज आणि एसी बदलून दिले. फ्रिजवाल्या घरांचा वापर सुमारे ८ टक्के घटला, एसीवाल्यांचा उलट वाढला. साहजिक आहे, नवा एसी स्वस्तात चालतो म्हटल्यावर माणूस तो जास्त वेळ लावतो.

म्हणून 'उजाला' फसली असं मी म्हणत नाही. बल्बची किंमत तिने खाली आणली, हा परिणाम युनिटच्या हिशेबात येतच नाही.