डोंगल, क्रॅक, कीजेन : तुमचे अनुभव लिहा

परवा कपाट आवरताना जुनं डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर चोरून वापरता येऊ नये म्हणून सोबत मिळायची ती चावी, हाताला लागलं. काडेपेटीएवढं, करड्या रंगाचं, एका तोंडाला पंचवीस पिना, दोन्ही कडांना स्क्रू. १९९८ साली छापखान्यासाठी मराठी टायपिंगचं पॅकेज घेतलं, त्यासोबत आलेलं. ते संगणकामागे प्रिंटरच्या पोर्टात बसवायचं आणि त्याच्या पाठीत प्रिंटरची केबल. पॅकेज सुरू होताना आधी पोर्टात डोंगल आहे का ते बघायचं. नसलं तर मराठी अक्षर उमटायचंच नाही.

एका दिवाळी अंकाचे शेवटचे दोन फॉर्म (एकत्र छापायच्या पानांचे संच) बाकी होते. कुणाचा तरी पाय केबलीत अडकला, डोंगल निम्मं उपसलं आणि दोन पिना वाकल्या. रात्री अकरापासून टॉर्चच्या उजेडात शिवणाच्या सुईनं पिना सरळ करत बसलो. दीड वाजता पडद्यावर ‘अ’ उमटला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. विकणाऱ्यांना विचारलं होतं, डोंगल गेलं तर काय? उत्तर : पॅकेज परत विकत घ्या. शेजारच्या गाळेवाल्याकडे तेच पॅकेज क्रॅक मारून, म्हणजे आतलं कुलूप तोडून, फुकट चालू होतं. पावती माझ्याकडे होती आणि झोप त्याला लागत होती. हे मला आजही खुपतं.

आता तसं पोर्ट असलेला संगणक मिळत नाही. यूएसबीची केबल लावून पाहिली, प्रिंटर चालतो, डोंगल ओळखत नाही. आठ वर्षांचं काम त्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. दुसरीकडे उघडलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. कन्व्हर्टरनं युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत, केलं तर रफार आणि जोडाक्षरं विस्कटतात, आणि मूळ पान कसं होतं ते पडताळायला पॅकेजच चालत नाही.

तुमच्यावर असं काय काय गुजरलं? तेव्हाचे शब्दही आठवतील तसे लिहा. आमच्याकडे ‘डोंगल मेलं’ म्हणायचे, कुणी माणूस गेल्यासारखं.

रत्नागिरी, निवृत्त लेखापाल

आमच्याकडे डोंगल नव्हतं, चावीची फ्लॉपी होती. तिच्यावर मुद्दाम एक खराब सेक्टर (चकतीचा छोटा तुकडा) केलेला असायचा. डॉसच्या कॉपी कमांडला तो उतरवता यायचा नाही, म्हणून नक्कल चालायची नाही. रोज सकाळी तीच फ्लॉपी ए ड्राइव्हमध्ये घालायची, तिच्याशिवाय पगाराचं पॅकेज सुरू व्हायचं नाही. कोकणातल्या पावसात त्या चकतीवर बुरशी धरायची, पांढरे ठिपके स्पष्ट दिसत. तांदळाच्या डब्यात ठेवून पाहिली. तिसऱ्या पावसाळ्यात ड्राइव्ह नुसता कुरकुरायला लागला आणि पगारपत्रकं हातानं करावी लागली.

नंतर कळलं की कायद्यानं बॅकअप घ्यायची मुभा आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२ : हक्कानं प्रत बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचाव म्हणून प्रत काढता येते. मुभा कागदावर होती आणि फ्लॉपी ती देत नव्हती.

पुणे, पूर्वी संगणक क्लास चालवत असे

फ्लॉपीच्या नावाच्या जागी अचानक ‘ब्रेन’ दिसायला लागलं, ही आमची व्हायरसशी पहिली ओळख. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी तो लिहिला होता. आपलं वैद्यकीय सॉफ्टवेअर कोण चोरून वापरतं ते कळावं म्हणून, असं त्यांनी सांगितलं. आत स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबरसुद्धा घातला होता. ३६० केबीच्या फ्लॉपीवरून तो जगभर गेला. आमच्या मुलांनी त्यांचं सॉफ्टवेअर कधी पाहिलंही नव्हतं.

नागपूर, आर्किटेक्ट

कॉलेजात सीनियर सांगायचे, ‘आधी अँटीव्हायरस बंद कर, मग पॅच मार.’ पॅच म्हणजे क्रॅक करणारी फाइल. सगळे तसंच करायचे. कीजेन, म्हणजे बनावट सिरीयल नंबर काढून देणारा प्रोग्रॅम, उघडलं की खोलीभर ती टुणटुण धून, आणि खिडकीत सिरीयल नंबर. २०१९ मध्ये मी थ्रीडीच्या एका सॉफ्टवेअरचा क्रॅक असाच चालवला. सकाळी थीसिसच्या प्रत्येक ड्रॉइंगच्या नावाला अनोळखी शेपूट लागलं होतं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैशांची मागणी. स्टॉप नावाचं ते रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, क्रॅकमधूनच पसरत होतं. बाबांनी पैसे भरू दिले नाहीत. प्रिंट काढलेल्या शीट्स होत्या, त्यांवरून एकवीस दिवसांत सगळं परत काढलं.

विद्यार्थ्यांसाठीची फुकट आवृत्ती त्याच कंपनीच्या साइटवर होती. हे मला पाच वर्षांत एकाही शिक्षकानं सांगितलं नाही, म्हणून मी आता माझ्या ज्युनियरांना पहिल्याच दिवशी सांगते.

सातारा, प्रोग्रॅमर

मी दुसऱ्या बाजूचा. पतसंस्थांसाठी फॉक्सप्रो या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पॅकेज लिहिलं होतं. अकरा संस्थांना विकलं, आणि चालू किमान तीस ठिकाणी असेल. एका ठिकाणी तर कुणीतरी रिफॉक्सनं (तयार पॅकेजमधून मूळ कोड काढणारं साधन) कोड उलगडून पहिल्या पडद्यावरचं माझं नाव काढून स्वतःचं घातलं होतं. तो पडदा मी शांतपणे बघूच शकलो नाही. दोन वर्षं रात्री जागून लिहिलेलं काम होतं.

म्हणून लॉक घातलं, हार्ड डिस्कच्या नंबराशी बांधलेलं. ३१ मार्चच्या रात्री कोरेगावकडच्या एका संस्थेची डिस्क बसली. डेटाचा बॅकअप होता, नवी डिस्कही होती, पण माझं पॅकेज उघडेना. मॅनेजर फोनवर म्हणाले, ‘साहेब, आम्ही तर पैसे मोजून घेतलंय.’ मोटारसायकल काढली, पहाटे तीनला पोचून नवी चावी दिली. चोरून वापरणाऱ्यांची ती रात्र सुरळीत गेली, त्यांच्याकडे लॉक घालण्याआधीची आवृत्ती होती. पुढच्या महिन्यात मी लॉक काढून टाकलं आणि वार्षिक सेवेचे पैसे घ्यायला लागलो. उत्पन्न कमी झालं. ते मॅनेजर अजून दिवाळीला फोन करतात.

सांगली, संगणक दुरुस्ती

छापखानेवाले दादा, माझ्याकडे एक पेंटियम थ्री आहे, विंडोज ९८ चढवलेलं. प्रिंटरचं पोर्ट चालू आहे, कालच केबल लावून तपासलं. डोंगल, पॅकेजची सीडी आणि फाइली घेऊन या. पिना पुन्हा वाकल्या असतील तर तशाच आणा, सुई लावू नका, माझ्याकडे बारीक चिमटा आहे. एकेक पान छापून घेऊ आणि समोर ठेवून युनिकोड तपासू. रविवारी दुकान बंद असतं, दिवसभर बसता येईल.