मदत हवी आहे : डबे गरम राहतात, पण पोळ्या भिजतात

नमस्कार मंडळी. मी घणसोलीतून महापे एमआयडीसीत रोज २२ डबे पोचवते. सकाळी साडेअकराला भरून निघते, शेवटचा डबा हातात पडेपर्यंत एक वाजतो. आधी डबे नुसत्या कापडी पिशवीत न्यायचे, आमटी पार गार व्हायची. मग थर्माकोलची पेटी घेतली. थर्माकोलच्या दाण्यांत हवा अडकलेली असते, तीच उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आमटी आता चटका बसेल इतकी गरम पोचते.

पण पोळ्यांचा पार लगदा! परवा एक डबा उघडून बघितला तर झाकणाच्या आतून थेंब ओघळत होते आणि वरची पोळी ओल्या फडक्यासारखी झाली होती. झाकण स्टीलचं, त्यामुळे पोळीच्या मानाने लवकर निवतं आणि वाफ तिथेच धरते, असं माझा अंदाज सांगतो.

लेक म्हणतो, अ‍ॅल्युमिनियमचे डबे घे. अरे बाबा, अ‍ॅल्युमिनियम स्टेनलेस स्टीलच्या साधारण १५ पट उष्णता वाहून नेतं, ते तव्याला ठीक!

तर विचारायचं असं, पोळ्या सुती फडक्यात गुंडाळून पेटीबाहेर वेगळ्या न्याव्यात का? की पेटीतच झाकणाखाली टिपकागद घालून भागेल? आणि पेटीचा तळ स्कूटरच्या पत्र्यावर टेकतो, तिथले डबे जरा गारच लागतात. खाली जुनी गोधडी घालू की लाकडी फळी? ताई-दादांनो, डब्याचा धंदा करणाऱ्यांनी जरूर सांगा. पावसाळा तोंडावर आलाय.