नळी काढणं कायदेशीर, मरणाचं औषध देणं गुन्हा: हे असंच राहावं का?

गोकर्ण
बाबांना जिभेचा कर्करोग होता. व्हेंटिलेटर नव्हता, शुद्ध शाबूत होती. बोलता येत नव्हतं, म्हणून पाटीवर रोज लिहायचे, 'अजून किती?'

९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात धरला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे असे उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी झाली: नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही, वेळ आली की उपचार थांबवायचे का हे तपासायला डॉक्टरांची दोन मंडळं. पण हे सगळं कृत्रिम उपचारांवर जगवलेल्या माणसासाठी. बाबांचं काढून घेण्यासारखं काहीच नव्हतं. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात १९९७ पासून, सहा महिन्यांच्या आत मृत्यू येणार असं दोन डॉक्टरांनी ठरवलं तर सज्ञान रुग्णाला मरण आणणाऱ्या औषधाची चिठ्ठी मिळते. घ्यायचं त्याने स्वतःच्या हाताने. आपल्याकडे असा डॉक्टर आत्महत्येला साहाय्य केलं म्हणून दहा वर्षांपर्यंत आत जाऊ शकतो. हा कायदा बदलायलाच हवा.

सिस्टर_निवृत्त
गोकर्णताई, वाचून फार वाईट वाटलं. तरी माझा विरोध आहे. अरुणा शानबाग आमच्यातलीच, हल्ल्यानंतर भान हरपलेली नर्स. केईएमच्या नर्सेसनी तिला ४२ वर्षं सांभाळलं. तिचं अन्न थांबवायला त्यांचा विरोध होता आणि २०११ मध्ये न्यायालयानेही त्यांचंच ऐकलं.

आणि मी वॉर्डात काय पाहिलं ते सांगते. एक आजी मुलगा समोर असला की म्हणायची, 'सोडव रे बाबा आता.' तो बिल भरायला खाली गेला की माझा हात धरून पाणी मागायची. चिठ्ठीचा कायदा असता तर तिचं कुठलं बोलणं खरं धरलं असतं?

कातळसडा
सिस्टर, त्याच २०११ च्या निकालाने निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे जगवणारे उपचार थांबवण्याला, वाट करून दिली, हेही सांगा ना. शिवाय अरुणाला विचारणं शक्यच नव्हतं. इथे प्रश्न ज्याला विचारता येतं त्याचा आहे.

माळरान
१९८२ मध्ये पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध सोडलं. १९६६ मध्ये सावरकरांनी प्रायोपवेशन केलं, म्हणजे अन्नत्याग करून देह ठेवला. २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा, म्हणजे जैनांचं आमरण उपोषणाचं व्रत, गुन्हा ठरवला, तर सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगिती दिली. म्हणजे आपणहून निघून जाणं आपल्याला परकं नाही. पण त्यात दुसऱ्याचा हात नव्हता, आणि मला तिथेच थांबायचंय. आमच्या काकूच्या वेळी तालुक्याला मॉर्फिन नव्हतं. भाऊ एसटीने जिल्ह्याला जाऊन आणायचा, तोवर ती उशी चावत पडलेली. आधी वेदना थांबवा, मग मरणाचं विचारा.

गोकर्ण
सिस्टर, ती पाणी मागणारी आजी डोळ्यांसमोरून हलत नाही. म्हणूनच म्हणते, रुग्णाला एकट्याला विचारा, काही दिवसांनी पुन्हा विचारा, घरचे खोलीबाहेर. माळरान, मॉर्फिन गावोगाव मिळायलाच हवं, यात वाद नाही.

बाबांना मिळत होतं. तरी पाटी रोज पुढे यायची.