'द अँबर स्पायग्लास'चा शेवट: अटळ की लादलेला?

निळीवाट:
फिलिप पुलमन यांच्या 'हिज डार्क मटेरिअल्स' या कादंबरीत्रयीतील 'द अँबर स्पायग्लास' (2000) ही अखेरची कादंबरी मी नुकतीच दुसऱ्यांदा वाचली आणि पहिल्या वाचनातली खंत अधिकच तीव्र झाली. (पुढे शेवट उघड केला आहे.) लायरा आणि विल ही वेगवेगळ्या जगांतली मुले मृतांच्या प्रदेशात उतरून तिथे कोंडलेल्या आत्म्यांना बाहेरची वाट करून देतात, तो भाग मला आजही थोर वाटतो. मात्र या दोघांना एकमेकांवरचे प्रेम उमगते न उमगते तोच एक देवदूत येऊन सांगते की, विलच्या सुरीने जगाजगांमध्ये कापलेल्या सगळ्या खिडक्या बंद कराव्या लागतील. फार तर एक उघडी ठेवता येईल, आणि ती मृतांसाठीच लागणार. एकच का, दोन का नाहीत, याचे उत्तर मला कथेत सापडत नाही. ताटातूट घडवायची हे आधी ठरले आणि नियम मागाहून आला, असेच वाटत राहते.

पिंपळपान:
मी असहमत आहे. नियम मागाहून आलेला नाही. मुलेफांची (दुसऱ्या एका जगातल्या चाके वापरणाऱ्या प्राण्यांची) झाडे सुमारे 300 वर्षांपासून खंगत आहेत, आणि सुरीही तितकीच जुनी आहे; जाणिवेचे कण, म्हणजे 'डस्ट', कुठून तरी (त्या खिडक्यांतूनच, हे पुढे कळते) वाहून जात आहे, हे शास्त्रज्ञ मेरी मलोन शीर्षकातल्या अँबर दुर्बिणीतून शेवटाच्या कितीतरी आधी पाहते. तुटलेली सुरी सांधताना तिला स्वतःचे हेतू असल्याचा इशारा योरेक हे चिलखती अस्वल देते. परक्या जगात माणूस फार काळ तग धरत नाही, हे तर विलच्या वडिलांचा आत्माच सांगतो, आणि ते स्वतः तसेच खंगलेले असतात.

आडरान:
तयारी आहे, हे मलाही मान्य आहे. माझा आक्षेप वेगळा आहे: विलपासून दुरावावे लागणाऱ्या लायराची अलेथिऑमीटर (प्रश्नांची खरी उत्तरे चिन्हांतून देणारे यंत्र) सहज वाचण्याची शक्तीही जाते. मोठे होण्याची किंमत मुलीकडूनच दोनदा का वसूल करावी?

पिंपळपान:
विललाही सुरी गमवावी लागते, आणि ती लायराचा विचार मनात आणून त्याला स्वतःच मोडावी लागते. शिवाय लायराला ते वाचन अभ्यासाने परत मिळवता येईल, असे देवदूत सांगते. सुरी मात्र कायमची गेली.

निळीवाट:
वडिलांच्या आत्म्याचे बोलणे माझ्या नजरेतून निसटले होते, त्यामुळे दोघांनी एकाच जगात राहणे अशक्य होते, हे आता मान्य करतो. परंतु 'एकच खिडकी' हा हिशेब अजूनही पटत नाही. ऑक्सफर्डच्या बोटॅनिक गार्डनमधल्या एकाच बाकावर, दर वर्षी उन्हाळ्याच्या मध्यदिवशी भर दुपारी तासभर, दोघांनी आपापल्या जगात बसायचे ठरवलेले असते. तो प्रसंग इतका खरा आहे की, त्यामागचा नियमही तितकाच खरा असायला हवा होता.